मोर वाढलेत, पण त्यांचं खाणं एकट्या शेतकऱ्यानंच का पुरवायचं?

घोडकाठ
आमची जमीन शिरूर-पारनेरच्या शिवेवर, घोड नदीपासून कोसभर. यंदा दीड एकर भुईमूग टोकला. पाचव्या दिवशी दिवस उगवताना गेलो, तर सहा लांडोरी आणि एक मोर ओळ धरून चाललेले. दाणा कुठं आहे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं. दोनदा पाय मारायचा, माती बाजूला, फुगलेला दाणा चोचीत. वर आलेला कोंब मात्र उपटून तिथंच टाकून द्यायचा. नांगे, म्हणजे मोकळ्या राहिलेल्या जागा, भरायला पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी, आणि मागून उगवलेलं झाड पहिल्याच्या बरोबरीनं काढणीला येत नाही ते वेगळंच.

माझ्या लहानपणी मोर दिसला की आजी हात जोडायची. आता दारातल्या कोंबड्यांत मोर दाणे टिपतो. त्याला मारा असं मी कधीच म्हणणार नाही. पण रानडुकरानं पीक खाल्लं तर पंचनामा होतो. मोरासाठी अर्ज घेऊन गेलो, तर ‘यादीत मोर बसत नाही’ म्हणून परत पाठवलं. राष्ट्रीय पक्षी सगळ्या देशाचा असेल तर त्याचा खर्चही देशानं उचलावा. मोरानं केलेल्या नुकसानीची भरपाई मिळालीच पाहिजे, हे माझं म्हणणं. तुमचं काय?

बांधावरचा
भरपाईनं काय होणार दादा? डुकराची तरी वेळेवर मिळते का? पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पेरणीचा वाफसा निघून जातो. संख्या कमी करायला परवानगी हवी. गोव्यात २०१६ साली तिथल्या कृषिमंत्र्यांनी मोराला उपद्रवी ठरवायचा विषय काढला होता. शहरातून एवढी ओरड झाली की पुढं काहीच घडलं नाही. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी चार वाजता उठून राखण केली असेल?

माळरान
बांधावरचा, तो विषय पुढं गेला नाही याचं कारण फक्त ओरड नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करू शकतं, पण अनुसूची १ मधल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्याला नाही. मोर अनुसूची १ मध्ये आहे. त्याला मारलं तर किमान तीन वर्षांची कैद. कुणी नादाला लागू नका.

आणि घोडकाठ, ‘वाढलेत’ हे तरी कशावरून? माळ नांगरले, ओढ्याकाठची करवंदीची, बोरीची जाळी तोडली. लांडोर त्याच जाळीखाली जमिनीवर चार-सहा अंडी घालते. तिची जागा गेली म्हणून ती तुमच्या वावरात दिसते. कीटकनाशक लावलेलं बी खाऊन मेलेल्या चार लांडोरी गेल्या वर्षी मी स्वतः आमच्या बांधावरून उचलल्यात. एकीच्या गळ्यात दाणे तसेच होते. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मोर अळ्या खातो, टोळ खातो, सापाची पिल्लं खातो. त्या हिशेबाचं काय?

पक्षीनोंद
माळरान, जाळी तुटली हे खरं, पण वाढही खरी आहे. २०२० साली देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून जो अहवाल निघाला, त्यात बऱ्याच जातींची घसरण दिसली, मोर मात्र वाढलेला निघाला. केरळात पूर्वी मोर नसलेल्या भागांतही तो पोहोचलाय. मला तरी कारण उघड दिसतं. उन्हाळ्यातही शेततळ्यात पाणी, वर्षभर काही ना काही हिरवं, आणि कोल्हा-रानमांजर कमी झालेलं.

इंडियानातली
मी गावची नगरचीच, आता बारा वर्षं अमेरिकेत, इंडियाना राज्यात. इथं हाच वाद टर्की नावाच्या मोठ्या रानपक्ष्यावरून चालतो. टर्की मोराच्याच कुळातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकार आणि जंगलतोडीनं बऱ्याच राज्यांतून संपली होती. मग उरलेल्या रानांतून जाळ्यानं धरून दुसरीकडं सोडली. विस्कॉन्सिन राज्यात १९७६ साली मिसूरी राज्यातून आणून सोडली. पुढं देशभरात साठ लाखांच्या वर गेली आणि शेतकरी म्हणू लागले की मका आणि सोयाबीन टर्कीच खाते.

इथल्या पर्ड्यू विद्यापीठानं शेतात उतरून, ठसे आणि पिकाची खाल्लेली धाटं बघून तपासलं, तर जवळपास सगळं नुकसान रॅकून (मांजराएवढा निशाचर प्राणी) आणि हरणांचं निघालं. ती रात्री येतात. टर्की दिवसा, उघड्यावर, घोळक्यानं दिसते, म्हणून आळ तिच्यावर. घोडकाठ, तुमच्या भुईमुगात साळिंदर येतं का ते बघा.

बांधावरचा
ताई, तुमच्याकडं हंगामात टर्की मारायचा परवाना मिळतो ना? तीच तर आमची मागणी. अर्धं उदाहरण देऊ नका.

इंडियानातली
मिळतो, बरोबर. पण परवान्याचा पैसा आणि बंदूक-काडतुसावरचा कर १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांच्या कामाला जातो. कुणी किती मारले याची नोंद ठेवतात. एवढं करूनही मिसूरीसारख्या राज्यात टर्की पुन्हा कमी झालीय. आधी मोजायची व्यवस्था, मग बाकी सगळं. आपल्याकडं तालुक्यात मोर किती, हे कोण मोजतं?

घोडकाठ
ताई, साळिंदर येतं, पण ते शेंग भरल्यावर. टोकणीतला दाणा मोरच काढतो. मी बांधावर उभा राहून पाहिलाय, तीन बोटांचे ठसे ओल्या मातीत जागोजागी होते. तरी तुमचं एक म्हणणं पटलं. शेंगांचं नुकसानही मी मोराच्याच नावावर लिहिलं होतं, ते अर्जातून काढतो. खोट्या खात्यानं खरं खातंही बुडतं.

माळरान, लांडोरींचं वाचून वाईट वाटलं. आमच्यात औषध लावलेलं बी उघडं टाकत नाहीत, दाणा नीट बुजवतात. त्या मातीतून तो काढतो म्हणूनच म्हणतोय, राखणीचे पहिले दहा दिवस महत्त्वाचे. माझी आई आणि बायको पाळीनं पहाटे पाच ते नऊ डबा वाजवत बसतात. त्या चार तासांची मजुरी जरी कुणी धरली, तरी मोरावर राग धरायचं कारण उरणार नाही.

मोराच्या_गावाजवळ
चिंचोलीला लोक मोर बघायला येतात, घरोघरी जेवणाची सोय झालीय. तुम्हीही करा की.

घोडकाठ
चिंचोली आमच्याच तालुक्यात. तिथं चिंचेची जुनी झाडं आहेत आणि रस्ता पुण्याहून सरळ जातो. आमच्या वस्तीवर एस्टीसुद्धा येत नाही. बघायला येणार कोण?

ज्यांच्याकडं टोकणीत मोर उतरतात त्यांनी गाव, पीक, तारीख आणि ठशांचा फोटो इथं टाका. शेंगांचं नुकसान वेगळं लिहा. पुढच्या सोमवारी अर्ज पुन्हा घेऊन जातोय.