समुद्रकाठी जुनी स्पोर्ट्स कार: ठेवावी, विकावी की घाटावर पाठवावी?

खाडीकाठ (धागाकर्ता)
आधी माझं मत मांडतो, मग तुटून पडा. "खाऱ्या हवेत जुनी स्पोर्ट्स कार ठेवू नये, घाटावर कुणाला तरी देऊन टाकावी" असं आपल्याकडे जो तो ऐकवतो. मला ते पटत नाही. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली ही दोन सीटची, कापडी टपाची देशी गाडी. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं ११४९ सीसी. मुक्काम देवगडजवळ. माझं म्हणणं एवढंच की हवेपेक्षा ताडपत्रीच गाडीला जास्त खाते. दमट जागेत झाकून ठेवली की आतला ओलावा बाहेर पडत नाही, टपाच्या कापडावर बुरशी, ब्रेकचे पिस्टन जाम. पाऊस उघडला की चालवावी, गोड्या पाण्याने खालून धुवावी, वाऱ्यावर सुकवावी. एवढं करणाऱ्याने ती खुशाल इथेच ठेवावी. "ईव्ही घ्या" सांगणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

घाटावरचा
फायबर गंजत नाही हीच तर गोची आहे, भाऊ. पत्र्याच्या गाडीला दाराखाली फोड आले की मालक जागा होतो. तुमची वरून चकचकीत राहते आणि खाली पोलादी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पोखरत जाते. खालून धुता म्हणता, पण पाण्याचा फवारा चासीच्या पोकळ भागात पोचतो का? तिथे साचलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, आणि देवगडची हवा जूनपासून कोरडी कधी असते? गाडी आमच्या कोल्हापूरला ठेवा. उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग, फाउंड्री सगळं हाकेच्या अंतरावर. मन झालं की घाट चढून या, चालवा आणि परत जा.

दर्यावर्दी
आणि फायबर कोण करतलो, तुमचो लेथवालो? आमच्या मालवणात फायबरच्यो होडयो करणारे आसत. मॅट, रेझिन, हार्डनर ह्या तेंच्या रोजच्या हातातला काम. एका गाडयेचो फुटको बंपर तेंनी असो केल्यानी, सांधो खंय तो गावना नाय. ही गाडी घाटावर न्हेवची म्हणजे उलटाच झाला. चासयेक माशाचा तेल लावा, आमच्यो जुन्यो लाकडी होडयो तेच्यारच तगल्यो.

जांभाचिरा
माशाच्या तेलाचा सल्ला मनापासून दिला असेल, पण शेजारपाजारची सगळी मांजरं गाडीखाली मुक्कामाला येतील. आणि तेल सस्पेन्शनच्या रबरी बुशला लागलं की रबर फुगून मऊ पडतं.

मी तर विका म्हणते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला १०,००० रुपये लागतात. विंटेज म्हणून नोंदवायची तर गाडी ५० वर्षांची हवी, म्हणजे तीही वाट बंद. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि या गाड्या बनल्या तेव्हा ते कुणाच्या गावी नव्हतं. इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. जुन्या रबरी नळ्या तडकल्या तर गरम इंजिनावर पेट्रोल गळेल, याचा विचार केलाय? हौस एकाची आणि घोर सगळ्या घराला.

पाना_पक्कड
कुडाळला गॅरेज आहे, म्हणून बोलतो. घाटावरच्या दादांचं चासीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यात आपले मालक आणखी भर घालतात ती काळा डांबरी कोट मारून. जुन्या गंजावर तो मारला की दिसायला नवं, पण कोट तडकला की फटीतून पाणी शिरतं आणि आतच बसतं. कोट मारण्याआधी हातोडीने हलकं ठोकून पाहा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडल्याशिवाय इलाज नाही. चांगल्या भागावर गंज खरवडून झिंकचा प्रायमर, वर इपॉक्सी. पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा. पाणी निघायची भोकं मात्र बुजवू नका. ती रंगाने बुजवलेली मी इतकी पाहिलीत की आता हसूही येत नाही.

दुसरं म्हणजे वायरिंग. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमध्ये प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर लागते. दिवा मंद झाला की पोरं बल्ब बदलत बसतात, आणि खरं दुखणं असतं हिरव्या पडलेल्या थिंबलमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या टोपणात. साफ करा, ग्रीस लावा, मगच नवे भाग मागवा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, तेही हवेतलं पाणी पितं. टायमिंग बेल्टचे किलोमीटर मोजू नका, वर्षं मोजा. कमी चालणाऱ्या गाडीचा बेल्ट उभ्या-उभ्याच म्हातारा होतो.

खाडीकाठ
जांभाचिराताई, नोंदणी एकदा केली की पाच वर्षं पुरते. १०,००० म्हणजे वर्षाला २,००० पडले. एवढ्यासाठी गाडी विकू? नळ्यांचा मुद्दा मात्र खरा. मी सगळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि क्लिपाही नव्या घेतल्या. टाकीत पेट्रोल शिळं होऊ द्यायचं नाही, थोडं भरायचं आणि संपवायचं. म्हणून तर चालवा म्हणतोय!

पार्ट मिळत नाहीत ही तक्रारही अर्धी आळसाची आहे. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ऑइल सीलचं माप असतं. दुकानात गाडीचं नाव सांगितलं तर मान हलवतात, माप सांगितलं तर डबा काढतात. काचा, टपाची यंत्रणा, आतलं प्लास्टिक इथे मात्र खरी पंचाईत.

सागरीमार्ग
चालवा, पण कुठे ते पाहून. दाभोळ-धोपावे फेरीवर एवढी बुटकी गाडी चढवताना उताराच्या टोकाला पोट घासतं, शिवाय भरतीला चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. आणि पुळणीवर गाडी उतरवून फोटो काढणाऱ्यांच्या चासीबद्दल मी बोलणारच नाही.

जांभाचिरा
वर्षाला २,००० हा फक्त सरकारचा हिशेब झाला. चासी कापून जोडायला बॉडी उचलावी लागली तर त्याचा आकडा पाना_पक्कडदादांनी सांगावा. मग बोलू.

पाना_पक्कड
न बघता आकडा सांगणारा मेकॅनिक असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. बॉडी उचलायची तर बोल्ट जाम असतात. अर्धे तुटतात, ते ड्रिल करून काढावे लागतात. मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो.

घाटावरचा
म्हणजे शेवटी बॉडी मालवणला आणि चासी उद्यमनगरात, असं दिसतंय. खाडीकाठ, मागच्या चाकांजवळचे चासीचे फोटो टाका. धुतलेले नकोत, आहेत तसे.

खाडीकाठ
रविवारी जॅक लावतो. पण कोल्हापूरला पाठवायचं अजून कबूल केलेलं नाही, हे लिहून ठेवा.