मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी: रस्ते, गावं, जुन्या इमारती. अनुभव येऊ द्या!

वडगावकर: भाच्याला पहिली नोकरी लागली, ऑफिस एडिसनमध्ये. पत्रावरचं गावाचं नाव वाचलं आणि आमचं मेन्लो पार्कचं भाड्याचं घर आठवलं. जवळच एडिसन टॉवर, १३१ फूट, डोक्यावर माणसाहून मोठा काचेचा बल्ब. आई भारतातून आली तेव्हा कौतुकाने दाखवायला नेलं. तिने मान वर करून बघितलं आणि विचारलं, "बिल कोण भरतं रे?" १८७६ मध्ये एडिसनने प्रयोगशाळा थाटली ती तिथेच. पुढे हेन्री फोर्डने उरलंसुरलं सामान मिशिगनला नेऊन तिकडे ती पुन्हा उभारली. गावाला एडिसन हे नावही १९५४ मध्ये मिळालं, त्याआधी रॅरिटन टाउनशिप. तुमच्या आठवणी लिहा, रस्त्यांच्या, घरांच्या, कसल्याही.

मोगरा: जगहँडल!!! डावीकडे वळायचंय ना, मग आधी उजवीकडे बाहेर पडा. रूट १ वर नवरा शिकवताना इतका ओरडला की गाडी कडेला घेतली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. बाकीचं नंतर, कुकरची शिट्टी झाली.

सांजवात: मोगरा +१ 😂 आणि स्वतः पेट्रोल भरायला बंदी, १९४९ पासून. थंडीत काच दोन बोटं खाली करायची, कार्ड द्यायचं, बास. पेनसिल्व्हेनियात गेलं की कळते किंमत.

बखरवाला: ओक ट्री रोडला, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, कोथिंबीर निवडणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे की त्याच रस्त्यावर, पुढे तळ्यापाशी, लढाई झाली होती? २६ जून १७७७, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली शॉर्ट हिल्सची लढाई. आणि वुडब्रिजला १९२९ चा क्लोव्हरलीफ होता, म्हणजे चार पाकळ्यांसारख्या वळणांचा हायवेचा चौक, देशातला पहिला. आता तो मूळ रूपात राहिला नाही. पण माझं खरं आवडतं ठिकाण पर्थ अँबॉयचं प्रोप्रायटरी हाउस. ब्रिटिश गव्हर्नरचा वाडा. इथे राहायचा विल्यम फ्रँकलिन, म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा. बाप क्रांतीच्या बाजूने, लेक राजाच्या. १७७६ मध्ये लेकाला अटक झाली. बापलेकांचं पुढे कधी जुळलं नाही.

पाटीलबुवा: आमच्याकडे हे बांधावरून झालंय. राजाबिजा काही लागला नाही.

बखरवाला: 😀😀

निशिगंध: पर्थ अँबॉयवरून लिहितेच. ३१ मार्च १८७० ला थॉमस मुंडी पीटरसन यांनी तिथे मत दिलं. वर्णावरून मताचा हक्क नाकारायला बंदी करणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीनंतर मत देणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन. नागरिकत्व मिळाल्यावर मी पहिल्यांदा मतदानाच्या रांगेत उभी होते ना, तेव्हा हेच डोक्यात होतं. पुढच्या आजींनी विचारलं, रडतेयस का गं. सर्दी म्हणून सांगितलं.

वडगावकर: निशिगंधताई, हे माहीतच नव्हतं. वा.

भटक्या_न्यूब्रन्सविक: रटगर्स विद्यापीठात होतो. तिथल्या ओल्ड क्वीन्स या जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसून कॉलिंग कार्डवरून घरी फोन. आई रडायला लागली की नेमकी ती बाई बोलायची, तुमचं एक मिनिट शिल्लक आहे. इमारतीचा पाया १८०९ चा, आराखडा जॉन मॅकोंबचा. न्यूयॉर्कच्या सिटी हॉलच्या आराखड्यातही तोच होता. हे मला पदवी घेऊन बाहेर पडल्यावर कळलं, तेव्हा फक्त बस कधी येते एवढंच बघायचो.

घारूअण्णा: भाच्याला म्हणावं मेटचनला घर बघ, स्टेशन चालत. चारी बाजूंनी एडिसन, मधे मेटचन, मेदूवड्याच्या भोकासारखं. भाडं मात्र भोकाचंच जास्त.

सांजवात: अण्णा, वड्यावरून आठवलं. कडवे वाल कुठे मिळतात हल्ली? डाळिंब्यांची उसळ करायचीय शनिवारी.

घारूअण्णा: ओक ट्रीलाच. पण दुपारी जाऊ नका, पार्किंगसाठी वेगळी लढाई.

मोगरा: आले परत. सोललेले फ्रोझन घेऊ नकोस गं सांजवात, पचपचीत होतात. सुके घे आणि आज रात्रीच भिजत घाल, मोड यायला वेळ लागतो थंडीत. ओव्हनचा दिवा लावून आत ठेव.