मदत हवी आहे : दत्तक मुलीला न्यायला इटलीहून जोडपं कोल्हापुरात येतंय

अकरावी_गल्ली

नमस्कार मंडळी. भावाच्या तुरिनमधल्या शेजाऱ्यांना, इटालियन नवरा-बायकोला, कोल्हापूरच्या एका संस्थेतली मुलगी दत्तक मिळाली आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला आहे आणि तिला न्यायला ते नवरात्राच्या सुमारास येतील असं दिसतंय. राजारामपुरीत आमच्याकडेच उतरतील. आदेशानंतर कोणते कागद कोणत्या क्रमानं लागतात आणि काम कुठं अडतं? परदेशी पाहुणे घरी ठेवायचे तर पोलिसांना कळवावं लागतं का? मुलीला खायला काय द्यायचं? आणि अंबाबाई, पन्हाळा, दसरा चौकातला सोहळा असं सगळं त्यांना बघायचं आहे, कारण पुढं मुलीला तिचं गाव सांगता यायला हवं असं त्यांचं म्हणणं आहे. ते कसं बसवू?

धागा_संपादक

मूळ प्रश्नातून संस्थेचं आणि मुलीचं नाव, वय आणि फोटो काढला आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तिचा फोटो फिरवू नका.

कागदवाली

ताई, तुम्ही यजमान आहात, अर्जदार नाही. व्यवहार संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, दिल्लीचं 'कारा' (केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण) आणि त्यांची इटलीतली अधिकृत एजन्सी यांच्यातच होतो. ओळखीनं काम पुढं सरकतंय का बघायला कचेरीत जाऊ नका. मधला माणूस कोण, पैसे कुणी घेतले का, अशी शंका आली की सरळ चाललेली फाईलही थांबते.

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. काराचं ना हरकत प्रमाणपत्र त्याआधीच झालेलं असतं. आदेशानंतर तीन कागद येतात. काराचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक १९९३ च्या आंतरराष्ट्रीय हेग कराराप्रमाणे झाल्याचा दाखला, कलम २३), नव्या आईवडिलांच्या नावाचा जन्मदाखला आणि मुलीचा भारतीय पासपोर्ट. पासपोर्टचा अर्ज संस्था करते. कोल्हापुरात पासपोर्टचं सेवा केंद्र आहे, पण आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतो. नियमात या प्रत्येक टप्प्याला दिवस ठरवून दिलेत, पण ते कागद बिनचूक असले तरच पाळले जातात.

अडतं ते बहुतेक वेळा नावात. इटलीत बायका लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवतात. आपल्याकडे दाखला भरणारा माणूस सवयीनं आईच्या नावापुढं नवऱ्याचं आडनाव टाकतो. दुसरी सवय म्हणजे मुलीच्या नावानंतर वडिलांचं नाव मधे घालणं. आदेशात एक, दाखल्यात दुसरं, असं झालं की पासपोर्टचा अर्ज परत येतो आणि दुरुस्ती पुन्हा मुळापासून करावी लागते. म्हणून दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स संस्थेकडे आधीच असू द्या. आदेश मराठीत असेल तर नावं रोमन लिपीतही पासपोर्टबरहुकूम यायला हवीत. मुलीचं पूर्ण नाव एका कागदावर छापील अक्षरात लिहून दोघांनी सही करून द्यावं, म्हणजे कुणाला अंदाज करावा लागत नाही.

पासपोर्टनंतर इटलीचा व्हिसा. त्यासाठी तिथल्या आंतरराष्ट्रीय दत्तक आयोगाची प्रवेशाची परवानगी लागते, ती एजन्सी मागवते. व्हिसाचं काम मुंबईच्या वकिलातीतून. आदेशापासून २ महिन्यांच्या आत मुलीला न्यायला यावं लागतं हे खरं, पण घाईनं तिकीट काढू नका. मुलीचा पासपोर्ट छापून हातात आल्याशिवाय न बदलता येणारं तिकीट काढणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यात नवरात्र, दसरा, मग दिवाळी. सुट्ट्यांत कचेऱ्या बंद, तेवढे दिवस धरूनच चला.

त्यांच्या स्वतःच्या व्हिसाचा प्रकार एजन्सीकडून लेखी घ्या. आदेश आणि जन्मदाखल्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारतात तो शिक्का) हवं का, हेही आत्ताच विचारा. हवं असेल तर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. कुरिअरनं पाठवायचं तर मूळ कागद हातचे जातात, म्हणून प्रमाणित प्रती जादा काढून ठेवा.

करवीरकर

घरी ठेवताय तर परदेशी पाहुण्यांची माहिती कळवायचा 'सी फॉर्म' विसरू नका, २०२५ च्या नियमांपासून त्याला 'फॉर्म ३' म्हणतात. परदेशी माणूस घरी उतरल्यापासून २४ तासांत घरमालकानं ऑनलाईन माहिती भरायची असते. हा नियम हॉटेलापुरताच आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो खाजगी घरालाही आहे. आपल्या जिल्ह्यात परदेशी नोंदणीचं काम पोलीस अधीक्षक कार्यालयात चालतं. घरमालकाचं खातं मंजूर व्हायला वेळ जातो, म्हणून ते पाहुणे येण्याआधीच उघडा. पाहुण्यांच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि भारतात शिरतानाच्या शिक्क्याची प्रत लागते.

मुंबईला जाताना गाडीनं नेऊ नका. पावणेचारशे किलोमीटर आहे, आणि जे मूल गाडीत फारसं बसलेलंच नाही ते खंबाटकीपर्यंत दोनदा ओकतं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघा. मूल झोपेत जातं आणि आईवडिलांनाही शेजारी आडवं होता येतं.

बालरोग_शाहूपुरी

ताब्यात घेताना संस्थेकडून वैद्यकीय अहवाल, लसीकरणाचं कार्ड, चालू औषधं आणि शेवटचं वजन-उंची घ्या. डोक्यात उवा, खरूज, जंत हे समूहात राहणाऱ्या मुलांत नेहमीचं आहे. त्यानं घाबरू नये आणि पहिल्याच दिवशी केस कापून टाकू नयेत. बाकीच्या तपासण्या घरी गेल्यावर. इथं रोज नवा डॉक्टर दाखवण्याची गरज नाही.

जेवण पहिले आठ दिवस संस्थेत होतं तेच आणि त्याच वेळेला. मऊ भात असा करा : १ वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, ५ वाट्या पाणी, चिमूट हळद, मीठ, कुकरच्या ५ शिट्ट्या. उतरल्यावर डावानं घोटा आणि वर चमचाभर तूप. तांदूळ संस्थेत वापरतात तोच आणा. चांगला म्हणून आजरा घनसाळ घातलात तर वास निराळा येतो आणि मूल ताट सारतं. ताटात थोडंच वाढा. काही मुलं पहिल्या आठवड्यात पोट फुटेस्तोवर खातात किंवा बिस्किटं उशीखाली ठेवतात. काढून घेऊ नका, रागावू नका. पुढचं जेवण नक्की मिळणार याची खात्री पटली की ते आपोआप थांबतं.

गंगावेशीचा दूध कट्टा पाहुण्यांना दाखवा, पण समोर पिळलेलं धारोष्ण दूध मुलीलाही नको आणि त्यांनाही नको. उकळल्याशिवाय नाही.

पाळणाघर

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला कळकळीनं लिहायचं आहे. त्यांना कोल्हापूरची संस्कृती बघायची आहे ना? ती त्या मुलीच्या अंगात आहे, आधी ती बघू द्या. मांडी घालून ताटाला बसणं, भात हातानं कालवून खाणं, खोबरेल तेल चोपडून दोन घट्ट वेण्या, झोपताना पाठीवर थापटणं, सांभाळणाऱ्या मावशींची हाक. हे सगळं तिच्या आईबापांनी मावशींकडून शिकून घ्यावं. संस्थेत रोज काही तास बसायची परवानगी मागा. वेणी कशी घालायची हे आईनं समोर बसून शिकावं, भात बापानं कालवून बघावा. मावशींच्या आवाजातलं अंगाईगीत, 'ये गं, जेवून घे'सारख्या हाका, संस्थेची हरकत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. तुरिनमध्ये रात्री मूल दचकून उठलं की हा आवाज पन्हाळ्याच्या शंभर फोटोंपेक्षा कामी येतो.

दोघांनी थोडे शब्द पाठ करून यावेत : पाणी, भूक, शू, शी, झोप, नको, थांब, दुखतंय का, मी आहे. मुलगी बोलेल ती कोल्हापुरीच, तेव्हा 'काय करालैस', 'कुठं चाललैस' हेही कानावर असू दे.

आता तुम्हाला थोडं कडू लागेल ते. मुलगी घरी आली की भरवणं, उचलणं, न्हाऊ घालणं फक्त त्या दोघांनी करायचं. मराठी तुम्हाला येतं, त्यामुळे ती साहजिकच तुमच्याकडे धावेल. जवळ घ्या, बोला, पण घास त्यांच्या हातून जाऊ दे. शेजारणी, आत्या, वहिनी यांना पंधरा दिवस थोपवा. ओटी भरायची हौस दारातच आवरा.

दर्शनाला नवरात्रात अजिबात नको. गर्दीत हात सुटला तर मुलीला नवीन घरचा पत्ताही सांगता यायचा नाही. दसरा चौकात संध्याकाळी सोनं लुटायच्या वेळी बंदुकांचे बार होतात, तिथं दोघांपैकी एकानंच जावं. मुलीबरोबर रंकाळ्यावर सकाळी सातला चक्कर मारा, शांत असतं. खासबाग मैदान रिकामं असताना दाखवा, १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेलं. न्यू पॅलेसच्या आवारातली हरणं मुलांना आवडतात. दिवसाला एक ठिकाण, दुपारची झोप न चुकवता.

अकरावी_गल्ली

मनापासून आभार. सी फॉर्मचं खातं आजच उघडते. अजून दोन गोष्टी. सोबत काय बांधून द्यावं? आणि त्यांना मुलीच्या जन्मगावी जाऊन यायचं आहे, कुणी नातेवाईक भेटतात का बघायला.

कागदवाली

दुसऱ्याचं आधी. नको, आणि त्यात तुम्ही तर मुळीच पडू नका. मुळाचा शोध हा मुलीचा हक्क आहे. १८ वर्षांची झाल्यावर ती स्वतः काराकडे अर्ज करू शकते, त्याआधी आईवडिलांना तिच्यासोबत मिळून करता येतो. तिसऱ्या माणसाला ही माहिती देत नाहीत. जिनं मूल सोपवलं तिचीही गुप्तता कायद्यानं राखलेली असते. तुम्ही गावात चौकशी करत फिरलात तर तिचं जगणं अवघड होईल.

संस्थेनं मुलीचा आठवणींचा अल्बम करून द्यायचा असतो. तो मिळाला का हे त्यांना ताब्याच्या दिवशीच विचारायला सांगा.

पाळणाघर

बांधून देताना तूप आणि पेढे नकोत. युरोपात प्रवाशांच्या सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. कांदा-लसूण मसाला, गूळ, राजगिऱ्याचे लाडू चालतील. चप्पल लाईनीतनं कोल्हापुरी घ्यायचीच तर मुलीच्या मापाची आणि जुन्या पद्धतीची मऊ घ्या. नवं कातडं कोवळ्या पायाला चावतं, आधी दोन दिवस तेल लावून ठेवा. प्रवासात घालू नका.

संस्थेतली तिची पांघरायची चादर मागून घ्या आणि धुऊ नका, वास तसाच राहू दे. ती चादर, अल्बम, औषधं, आदेश, अनुरूपता प्रमाणपत्र, जन्मदाखला हे सगळं हातातल्या बॅगेत. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा घोट घोट पाणी पाजायला बाटली वर ठेवा.