बेनिनला विमानं पोचली, नायजरला का नाही?

आडवाटेचा:

७ डिसेंबर २०२५ ला रविवारी सकाळी पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनच्या सरकारी टीव्हीवर काही गणवेशधारी उगवले आणि राष्ट्राध्यक्ष पात्रिस तालों यांना हटवलं असं सांगून मोकळे झाले. म्होरक्या लेफ्टनंट कर्नल पास्काल टिग्री. त्याच दिवशी नायजेरियाची लढाऊ विमानं बेनिनचं मोठं शहर कोटोनूच्या आकाशात आली, बंडवाल्यांवर बाँब पडले आणि रात्री तालों टीव्हीवर येऊन सगळं आटोक्यात असल्याचं सांगत होते. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने नायजेरिया, घाना, आयव्हरी कोस्ट आणि सिएरा लिओनचे सैनिक धाडत असल्याचंही जाहीर केलं.

आता २०२३ आठवा. २६ जुलैला बेनिनच्या शेजारच्या नायजरमध्ये जनरल तियानी या राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षक दलाच्याच प्रमुखाने राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना कोंडून ठेवलं. इकोवासने ३० जुलैला आठवड्याची मुदत दिली, नाहीतर बळ वापरू म्हणाले. मुदत ६ ऑगस्टला संपली. १० ऑगस्टला 'राखीव दल सज्ज करा' असा आदेश निघाला. ते दल कुठे सज्ज झालं देव जाणे. डिसेंबर २०२५ मध्येही बाझूम कैदेतच होते, अडीच वर्षं होत आली होती.

माझं मत असं, की शेजाऱ्याला मध्ये पडायचंच असेल तर पहिल्या चोवीस तासांत पडावं, नाहीतर तोंड बंद ठेवावं. मुदत देणं म्हणजे बंडवाल्यांना सहानुभूती, मित्र आणि वेळ तिन्ही फुकटात देणं. त्या एका आठवड्यात माली आणि बुर्किना फासो उभे राहिले, नायजरवर हल्ला म्हणजे आमच्यावर हल्ला म्हणाले. १६ सप्टेंबरला तिघांनी लेखी करार केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिघेही इकोवासमधून रीतसर बाहेर पडले. पन्नास वर्षांची संघटना, आणि तिला असं भगदाड कधी पडलं नव्हतं.

रशिया-फ्रान्स-अमेरिका या पटावरच्या बड्या सोंगट्यांना मी दुय्यम मानतो. रशियन प्रशिक्षक नायजरच्या राजधानीत, नियामेत उतरले एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे बंड होऊन नऊ महिन्यांनी. आधी दार उघडं राहिलं, मग पाहुणे आले.

वकीलबाई:

चोवीस तासांची घाई सांगताय, पण परवानगी कोणाची? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ५३ वं कलम स्पष्ट आहे. प्रादेशिक संघटनेला बळ वापरायचं तर सुरक्षा परिषदेची मंजुरी हवी. नायजरच्या वेळी ती मिळणं शक्यच नव्हतं, रशियाचा नकाराधिकार समोर होता. आफ्रिकी संघाने नायजरला निलंबित केलं, पण लष्करी कारवाईला पाठिंबा दिला नाही.

बेनिनची गोष्ट कायद्याने वेगळी आहे आणि तुमच्या मांडणीत नेमकी तीच सुटली. तिथे राष्ट्राध्यक्ष मोकळे होते आणि त्यांच्या सरकारने स्वतः मदत मागितली. बाझूम कोंडलेले होते. कैदेतल्या माणसाचं आमंत्रण ग्राह्य धरायचं का, यावर विद्वान अजून भांडताहेत. धरलंच, तर पुढे कोणीही उठून 'मला अमक्याने बोलावलं' म्हणेल. २५ ऑक्टोबर १९८३ ला अमेरिका ग्रेनाडात घुसली तेव्हा हेच झालं होतं. तिथले पंतप्रधान मॉरिस बिशप यांना मारून सहा दिवस झाले होते, पूर्व कॅरिबियन देशांच्या संघटनेचं पत्र पुढे केलं गेलं, गव्हर्नर जनरलचंही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी निषेध केला. शेजाऱ्यांची विनंती आणि बड्याचं सैन्य हे मिश्रण जुनं आहे.

मधली सुट्टी:

लोकशाही वाचवायला गेले म्हणे! कोणती लोकशाही? तालोंच्या राज्यात २०२१ साली रेकिया मादुगू आणि जोएल आइवो या दोन विरोधकांना अनुक्रमे २० आणि १० वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२६ च्या निवडणुकीसाठी मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवाराला पुरेसे अनुमोदक नाहीत म्हणून बाद केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यक्षाची मुदत पाचाची सात वर्षं केली. यातल्या कशावर इकोवासने दमदाटी केली?

२०२० साली आयव्हरी कोस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष वातारा आणि गिनीत राष्ट्राध्यक्ष कोंदे घटना फिरवून तिसऱ्यांदा उभे राहिले, तेव्हाही संघटना जांभया देत होती. कोंदेंना वर्षभरात त्यांच्याच खास दलाने उचललं, मग मात्र निर्बंध! गणवेश घालून घटना मोडली तर गुन्हा आणि सूट घालून मोडली तर सुधारणा.

फ्रान्सचं तर विचारूच नका. एप्रिल २०२१ मध्ये चाडला राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी मारले गेले, मुलाने घटना गुंडाळून गादी घेतली, आणि मॅक्राँ अंत्यविधीला पहिल्या रांगेत. चाड इकोवासमध्ये नाही हे मला माहीत आहे, वकीलबाई. पण नियामेत 'फ्रान्स परत जा' म्हणत लोक रस्त्यावर का आले ते यातून कळतं. बेनिनलाही फ्रान्सने टेहळणी आणि रसद पुरवली, हे पॅरिसने स्वतः सांगितलंय. पाहुणे नंतर आले म्हणता, धागाकर्ते? हे तर घरातच बसलेले होते. नायजरमध्ये दीड हजार फ्रेंच सैनिक होते, अमेरिकेचे हजारावर, शिवाय अगादेझचा ड्रोनतळ.

लागोसकर:

आमच्या गल्लीतल्या जनरेटरच्या आवाजात लिहितोय, सांभाळून घ्या.

मंडळी, नकाशा बघा आधी. नायजर म्हणजे महाराष्ट्राच्या चौपट, आणि नायजेरियाशी त्याची सीमा दीड हजार किलोमीटरच्या वर. दोन्हीकडे हौसा लोक. आमच्या उत्तरेतल्या कट्सिना, सोकोटोकडच्या माणसाची सोयरीक पलीकडे मराडीत, बाजार पलीकडे, गुरं पलीकडे. आमचे राष्ट्राध्यक्ष टिनुबू इकोवासचे अध्यक्ष होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, पुन्हा बंड खपवून घेणार नाही असं बोलून बसले होते. त्यांनी सिनेटला विचारलं आणि सिनेटने नाही म्हटलं. उत्तरेतल्या सिनेटरांना घरी तोंड दाखवायचं होतं. सैन्य आधीच बोर्नोत बोको हरामशी आणि झामफारात डाकूंशी गुंतलेलं. नवी आघाडी कोणाच्या जिवावर उघडायची?

मग सैन्याऐवजी वीज तोडली. नायजरची सुमारे ७० टक्के वीज इथून जायची. सीमा बंद केल्या. बेनिनच्या मलानव्हिलला, नायजर नदीच्या पुलाअलीकडे, ट्रकांच्या मैलोन्मैल रांगा लागल्या. तांदूळ महागला, औषधं अडली. तियानीची खुर्ची हलली का? उलट लोकांना दारात शत्रू दिसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बहुतेक निर्बंध उठवले. काय मिळालं ते टिनुबूंनाच विचारा.

बेनिनचा प्रश्न इथे कोणाला पडला नाही, कारण कोटोनू आमच्या हाकेच्या अंतरावर. सिनेटची मंजुरीसुद्धा विमानं जाऊन आल्यावर घेतली. त्यात आणखी एक गंमत झाली. दुसऱ्याच दिवशी आमच्या हवाई दलाचं एक सी-१३० मालवाहू विमान ११ जणांसह बुर्किना फासोत उतरलं आणि तिथे अडकलं. आम्ही म्हणालो तांत्रिक बिघाड, ते म्हणाले हवाई हद्दीचा भंग. या भागात आता नुसतं उड्डाणही राजकारण झालंय.

जुना फौजी:

मालदीव कोणालाच आठवू नये? ३ नोव्हेंबर १९८८. भाडोत्री बंदुकवाले मालेत शिरले, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी सकाळी मदत मागितली आणि रात्री आग्र्याहून निघालेले आपले पॅरा, म्हणजे छत्रीधारी सैनिक, मालेजवळच्या हुलहुलेच्या धावपट्टीवर होते. पळून जाणारं जहाज नौदलाने समुद्रात गाठलं. आडवाटेचा म्हणतात ते चोवीस तास हेच.

पण लगेच टाळ्या नकोत. त्याच वेळी आपले जवान श्रीलंकेत मरत होते. १९८७ ते ९० मध्ये सुमारे १,२०० गेले. तिथेही आमंत्रण होतं, करार होता. फरक असा की मालेत फौजफाटा फुटलेला नव्हता आणि समोर बाहेरची टोळी होती. जाफन्यात समोर तिथलेच लोक.

सिएरा लिओनही बघा. मे १९९७ मध्ये लष्करातल्या कोरोमाने राष्ट्राध्यक्ष कब्बांना हाकललं, फेब्रुवारी १९९८ मध्ये नायजेरियाच्या फौजेने राजधानी फ्रीटाउन सोडवली आणि मार्चमध्ये कब्बा परत बसले. सगळ्यांनी शाबासकी दिली. जानेवारी १९९९ मध्ये बंडखोर पुन्हा फ्रीटाउनमध्ये घुसले आणि लोकांचे हात तोडत गेले. मग संयुक्त राष्ट्रांची फौज आली आणि २००० साली कैलाहूनला आपल्या गोरखा कंपन्या वेढ्यात अडकल्या. त्यांना सोडवायला ऑपरेशन खुकरी करावं लागलं. त्या फौजेचे भारतीय प्रमुख जनरल जेटली यांचा अहवाल फुटला, त्यात नायजेरियन अधिकाऱ्यांवर हिऱ्यांवरून बंडखोरांशी संगनमताचा आरोप होता. नायजेरियाने तो धुडकावला, आपण फौज काढून घेतली. राष्ट्राध्यक्ष परत बसवणं हे सोपं काम आहे हो. त्यानंतर तिथे थांबणार कोण आणि किती वर्षं?

आडवाटेचा:

फौजी काका, मुद्दा मान्य, पण मग तो माझ्याच बाजूने जातो. सैन्य अजून एका बाजूला झुकलेलं नसताना गेलात तर थांबावं लागत नाही. जानेवारी २०१७ ची गांबिया बघा. निवडणूक हरून राष्ट्राध्यक्ष यया जामे हटेना. जिंकलेल्या बॅरो यांनी सेनेगलच्या राजधानीतल्या, डाकारमधल्या गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली, सेनेगलचं सैन्य आत शिरलं, दोन दिवसांत जामे विमानात. गांबियाच्या लष्करप्रमुखाने लढायला आधीच नकार दिला होता. नायजरमध्ये उलटं झालं. २६ ला रात्री अंगरक्षक दलाचा डाव होता, २७ ला लष्कराने रक्तपात टाळण्याच्या नावाखाली तियानीच्या मागे उभं राहायचं ठरवलं. खिडकी तेवढीच होती.

मधली सुट्टी, फ्रेंच घरात होते हे खरं. मग त्यांनी बाझूमना का नाही सोडवलं? दीड हजार सैनिक बसून राहिले आणि डिसेंबर २०२३ मध्ये निघूनही गेले. अमेरिकेने तर ऑक्टोबरपर्यंत त्याला 'बंड' म्हणायचंच टाळलं, कारण म्हटलं की कायद्याने मदत थांबते आणि ड्रोनतळ धोक्यात येतो. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये तोही गेला. बडे इतके सर्वशक्तिमान असते तर?

मधली सुट्टी:

सर्वशक्तिमान कोण म्हणालं? त्यांची सावली पडते एवढंच माझं म्हणणं. इकोवासने सैन्य हलवलं असतं तर नियामेतल्या माणसाने त्यात सेनेगल किंवा नायजेरिया पाहिला नसता, युरेनियमसाठी आलेला फ्रान्स पाहिला असता.

वकीलबाई:

युरेनियमचा बागुलबुवा जरा आवरा. नायजरचा जगाच्या उत्पादनातला वाटा जेमतेम चार-पाच टक्के, कझाकस्तान कितीतरी पुढे आहे. तिथली आर्लीची युरेनियम खाण जून २०२५ मध्ये राष्ट्रीयीकृत झाली, तरी फ्रान्सचे दिवे चालूच आहेत. खरा पैसा तेलात आहे, आणि ते चीनचं आहे. नायजरच्या अगादेम तेलक्षेत्रापासून बेनिनच्या सेमे बंदरापर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटरची पाइपलाइन चिनी कंपनीने टाकली. २०२४ मध्ये नायजर सीमा उघडेना म्हणून बेनिनने तेल भरू देणं थांबवलं, तेव्हा मध्यस्थीला चीनच धावला. चीनने लोकशाहीवर भाषण दिलं नाही, बंडवाल्यांना तेलापोटी ४० कोटी डॉलर आगाऊ दिले. त्यालाही फळ मिळालंच, मार्च २०२५ मध्ये त्याच तेल कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितलं.

लागोसकर:

आणि ज्या सुरक्षेच्या नावाने ही बंडं झाली तिचं बघा. मालीत रशियन आले २०२१ च्या अखेरीस. सप्टेंबर २०२५ पासून जिहादींनी राजधानी बामाकोचे इंधनाचे टँकर जाळायला घेतले, शहरात पेट्रोलसाठी रांगा लागल्या आणि शाळा काही दिवस बंद पडल्या. ही आग खाली सरकतेय. बेनिनच्या उत्तर भागात एप्रिल २०२५ मध्ये ५४ सैनिक मारले गेले, आणि टिग्रीच्या टोळक्याने टीव्हीवर जी कारणं वाचली त्यात उत्तरेतल्या सैनिकांची आबाळ होतीच. विमानांनी टोळकं पांगवलं. उत्तरेतल्या त्या चौक्यांवर आज रात्री कोण उभं आहे आणि त्याला कुमक कोण पाठवणार, यावर इकोवासचं एकही पत्रक मला सापडलेलं नाही. राखीव दल बंडावर धावलं, जिहादींवर कधी धावणार?