मदत हवी आहे: कसारा घाटात टर्बो सेडान ओढत नाही, शनिवारच्या आत सांगा

पाथर्डीफाटा
शनिवारी पहाटे आई-बाबांना घेऊन ठाण्याला निघायचंय, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आणि गाडीने आत्ताच दगा दिलाय. परवा ठाण्याहून येताना कसारा घाटात कंटेनरच्या मागून गाडी बाहेर काढली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर काहीच नाही. मनात एक-दोन म्हणून झाल्यावर कुठे ओढायला लागली. मागून बसवाला हॉर्न देतोय, आईने दोन्ही हातांनी पुढची सीट धरलेली. पुढच्या वळणावर मागचा भाग सरकल्यासारखाही वाटला. गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला, एक लाख साठ हजार. बदलू का? हो की नाही तेवढं सांगा.

गंगापूररोडकर
गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? किती चालली? इंजिनचा दिवा लागलाय का? एवढं कळल्याशिवाय दीड लाखाचा सल्ला कोण देणार?

नाशिकरोड_काका
घाटात जाताच कशाला? समृद्धी घ्या. इगतपुरी ते आमणे टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा लागतच नाही. भिवंडीजवळ आमण्याला उतरायचं.

पाथर्डीफाटा
काका, रस्ता नाही विचारला. जर्मन गाडी आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल. दोन लिटर टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. 2018 ची, सेकंडहँड घेतली, 71 हजार किलोमीटर. दिवा लागलेला नाही.

डिझेलवाला
पेट्रोल घेतलीत तिथेच चुकलं. माझी डिझेल सप्तशृंगी गडाच्या चढावर पाच माणसं आणि सामान घेऊन आरामात जाते. विकून टाका.

घाटवाट
घाटात हवा विरळ होते, म्हणून गाडीचा दम जातो. स्टेज वन रिमॅप करा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवतात. मी केलाय, गाडी उडते.

गंगापूररोडकर
@घाटवाट, नाशिक आणि इगतपुरी दोन्ही साधारण सहाशे मीटरवर आहेत. हवेचा दोष असता तर गंगापूर रोडवर रोजच हे झालं असतं. शिवाय एवढ्या उंचीवर हवेचा दाब सहा-सात टक्केच कमी होतो आणि तो भरून काढायलाच टर्बो असतो. मला शंका पेट्रोलची येते. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल आहे.

घाटवाट
इथेनॉलने ॲव्हरेज थोडं पडतं. ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची ताकद, उलट वाढतं, आणि टर्बो इंजिनला ते चांगलंच. दोन सेकंद गाडी थिजते ती इथेनॉलने नाही.

मेकॅनिकचा_मुलगा
अंबडला वडिलांचं गॅरेज आहे, लहानपणापासून हेच बघतोय. भाऊ, दोन गोष्टी सांगा. पाय दाबल्यावर बॉनेटखालून सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो का? आणि गेल्या एक-दोन महिन्यांत गाडीच्या पुढच्या बाजूला काही काम केलंय का?

पाथर्डीफाटा
सुस्कारा येतो, बरोबर. मला वाटलं एसीचा असेल. काम काही नाही. सिडकोत एका उंच स्पीडब्रेकरवर पुढचा बंपर घासला होता, तो काढून रंगवून घेतला, तेवढंच. त्याचा काय संबंध?

मेकॅनिकचा_मुलगा
संबंध तिथेच असेल. सायलेन्सरकडे जाणारा धूर टर्बोची एक पंखी फिरवतो, तिच्याच दांड्यावरची दुसरी पंखी हवा दाबते. दाबलेली हवा तापते, म्हणून आधी इंटरकूलरमध्ये गार होऊन मग इंजिनात जाते. बऱ्याच गाड्यांत हा इंटरकूलर बंपरच्या मागेच असतो. बंपर काढताना त्याच्या पाइपाला धक्का लागला किंवा क्लिप अर्धवट बसली, की दाबलेली हवा तिथून निसटते. मग इंजिनला हवा पुरवायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, त्यात वेळ जातो. तुमचे ते दोन सेकंद. गळती छोटी असेल तर दिवा लागेलच असं नाही.
टर्बो स्वतः गेला की बहुतेक वेळा निळसर धूर येतो, ऑइल कमी होतं, शिट्टीसारखा किंवा घासल्याचा आवाज येतो. यातलं काही नसेल तर टर्बोला हात लावू नका. आधी स्मोक टेस्ट करा: पाइपात धूर सोडतात, गळती असेल तिथून तो बाहेर दिसतो. आणि स्कॅनर लावून गाडी चालवताना मागितलेला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी बघायला सांगा.
रिमॅप अजिबात नको. गळक्या माठात जास्त पाणी ओतून माठ भरत नाही.

रबर_आणि_रस्ता
मागचा भाग सरकला त्याकडे कोणाचंच लक्ष नाही, आणि आई-बाबा मागे बसणार आहेत! दादा, तेव्हा पाऊस होता का? टायर किती जुने? टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे बघा. 2218 असेल तर 2018 चा बाविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं, नक्षी चांगली दिसली तरी ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. तुमच्या गाडीत ताकद मागच्या चाकांना जाते, आणि दोन सेकंद थांबून ती एकदम आली तर वळणात मागचा टायर सुटणारच. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा, गाडी भरलेली असताना वेगळा आकडा असतो.

डिझेलवाला
डिझेलमध्येही टर्बो असतोच, माझ्याकडे कधी हा त्रास झाला नाही.

मेकॅनिकचा_मुलगा
दादा, पाइप निसटला तर तुमच्याकडेही होईल, आणि वर काळा धूर. इंधनाचा प्रश्नच नाहीये.

पाथर्डीफाटा
आज अंबडला जाऊन स्मोक टेस्ट करून घेतली. बंपर खाली घेतला, तर इंटरकूलरच्या डाव्या तोंडाशी पाइप एका बाजूने बोटभर वर आलेला. तिथेच ऑइलचा ओलसर थर, त्यावर धूळ चिकटून काळा चिखल झालेला. क्लिप आणि सील नवं, मजुरीसकट तीन हजारांच्या आत. पाथर्डी फाट्याहून विल्होळीपर्यंत चालवून बघितली, पाय दाबला की लगेच उचलते. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि आधी बंपरचं सांगितलं नाही ही माझी चूक.
टायरचे आकडे बघितले. पुढचे 3122, मागचे दोन्ही 1418. म्हणजे गाडीबरोबरचेच. ताई, आत्ता दोनच घेणं जमेल. नवे पुढे टाकू का? स्टिअरिंग पुढेच असतं ना?

रबर_आणि_रस्ता
नाही, नवे मागेच. पुढची पकड कमी पडली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, ती घाटात सावरत नाही. सध्या रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) असतील तर तसेच घ्या, पुढे एक आणि मागे एक जातीचे करू नका. उद्याच टाका, म्हणजे शनिवारच्या आधी थोडे चालून होतील.

नाशिकरोड_काका
आणि बाबांसाठी काळा चष्मा बरोबर ठेवा. येताना पट्टी असेल, ऊन लागतं.