म्यूऑनचा काटा बरोबर होता, मग बोंब कशाची?

कृष्णाकाठ: काल इथं 'उसाचं पाचट' यांनी टाकलंय की 2021 ला शास्त्रज्ञ नवीन बल सापडलं म्हणून नाचले, 2025 ला गप बसले, सगळा पैसा पाण्यात. रात्री डोळा लागला नाही राव. अहो, म्यूऑन मोजणारी अमेरिकेतली प्रयोगशाळा फर्मीलॅब "सापडलं" म्हणालीच नव्हती, मोजमाप आणि हिशोबात 4.2 सिग्माची तफावत आहे म्हणाली होती, म्हणजे निव्वळ योगायोगानं असं दिसायची शक्यता 40 हजारात एक. शोध म्हणायला 5 सिग्मा लागतात, 35 लाखांत एक. बोंब मारली ती चॅनलवाल्यांनी. म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा 207 पट जड भाऊ, चुंबकात भोवऱ्यासारखा डुलतो, ते मोजायचं आणि सिद्धांतावरनं कागदावर काढलेल्या आकड्याशी ताडायचं. जून 2025 ला शेवटचं मोजमाप आलं, अब्जात 127 भाग एवढीच चूक, आणि आकडा जागचा हलला नाही. हलला तो कागदावरचा!

उसाचं पाचट: तेच म्हणतोय की मी. जुळंना म्हणून हिशोबच बदलला. आमच्यात ह्याला काटा मारणं म्हणतात. गेल्या हंगामात बाहेरच्या काट्यावर डबल ट्रॉली भरली 18 टन 400, कारखान्यावर 17 टन 600. विचारलं तर म्हणे वाटेत ऊस वाळला. सहा किलोमीटरात?

वाई नाका: आमच्याकडं तर बाहेर वजन करून आणलेली गाडी दिसली की नंबरच मागं ढकलतात, रात्रभर थंडीत बस. त्यावर लिहा की कुणीतरी, म्यूऑन म्यूऑन काय.

मिरजेचा तानपुरा: विषय म्यूऑनचा आहे. म्यूऑनभोवती क्वार्कांची, म्हणजे प्रोटॉनच्या पोटातल्या कणांची, जी क्षणिक उठबस चालते तिचा कागदावरच्या आकड्यातला वाटा आधी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरींच्या आकड्यांवरनं काढायचे. 2023 ला रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या सीएमडी-3 या प्रयोगानं तीच टक्कर मोजली तर आकडा जुन्यांपेक्षा वेगळा. दुसरीकडं महासंगणकावर अवकाश-काळाची जाळी करून थेट गणित केलं, लॅटिस म्हणतात त्याला, ते प्रयोगाच्या जवळ आलं. म्हणून 2025 ला तो आकडा धरला.

उसाचं पाचट: म्हणजे जुन्या काट्यांत कुणीतरी मारलाच होता ना सर?

मिरजेचा तानपुरा: मारला असं नाही. का जुळत नाहीत ते अजून नीट उलगडलेलं नाही. हे मान्य.

कंदी पेढा: मान्य म्हणायला चार वर्षं लागली! काका, मी एमएस्सीच्या प्रोजेक्टला नवीन कण घालून ही तफावत भरून काढायचं मॉडेल केलं, गाईड म्हणाले हॉट टॉपिक आहे. सगळ्यांनीच ढीगभर पेपर पाडले. आता इंटरव्ह्यूला विचारतात, तफावत कुठाय? पाचटदादा, मी तुमच्या बाजूनं.

कृष्णाकाठ: ताई, तुमच्या गाईडचा राग प्रयोगावर काढू नका. आणि पाचट, काटा मारण्याचं म्हणताय तर ऐका. तिथं मोजणाऱ्यांच्या घड्याळाचा खरा वेग मुद्दाम त्यांच्यापासनंच लपवलेला होता. तो आकडा बंद पाकिटात, प्रयोगाबाहेरच्या दोन माणसांकडं. सगळी तपासणी आटपून मंडळींनी मत दिल्यावरच पाकीट फोडलं. तोवर जुळतंय का नाही हे कुणाच्या बापाला माहीत नव्हतं.

वाई नाका: थांबा, हे भारीय. म्हणजे काटेवाल्यालाच वजन दिसत नाही?

कृष्णाकाठ: खरं वजन दिसत नाही. मग मारणार काय, कप्पाळ?

उसाचं पाचट: बरं बाबा, मोजणारे प्रामाणिक, घ्या लिहून. कागदवाल्यांचं मी अजून मानलेलं नाही. पण ती दोन पाकिटवाली माणसं आमच्या गव्हाणीवर आणून बसवा, पाहिजे तर भाडं मी देतो.

कंदी पेढा: त्यातला एक काटेवाल्याचा मेव्हणा निघंल दादा.

उसाचं पाचट: 😂 ते बी खरं. उद्या पाचला ट्रॉली भरतीय, ज्याला यायचंय त्यानं बाहेरच्या काट्यावर मोबाईल चार्ज करून या, शूटिंग करायचंय. सर, तुम्ही बी.

मिरजेचा तानपुरा: पाच सकाळचे का संध्याकाळचे?