मदत हवी आहे: काडीसारख्या मुलाला फॅटी लिव्हर, एलएएल एन्झाइमची तपासणी कुणी केली आहे का?

नमस्कार. आम्ही सांगलीचे. माझा भाचा सात वर्षांचा आहे. पोट फुगलेलं दिसतं म्हणून ताईने दाखवलं, तर यकृत आणि प्लीहा दोन्ही वाढलेली निघाली. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) १३०, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल म्हणजे चांगलं जेमतेम २५. पोरगं काडीसारखं, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर! 'बाहेरचं खाणं बंद करा' यातच सहा महिने गेले. ताईने डब्यातलं तूपसुद्धा काढलं, आकडे हलले नाहीत.

आता नव्या डॉक्टरांना शंका आहे की लायसोसोमल ॲसिड लायपेज (एलएएल) हे एन्झाइम कमी असावं. पेशीत आलेले कोलेस्टेरॉल एस्टर आणि ट्रायग्लिसराइड (चरबीचे प्रकार) ते लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, फोडतं. ते नसलं की चरबी तिथेच अडकते, आणि पेशीला वाटतं आपल्याला कोलेस्टेरॉल मिळालंच नाही, म्हणून ती आणखी तयार करत राहते. हे ऐकून ताई रडली. इतके दिवस ती स्वतःच्या स्वयंपाकाला दोष देत होती.

आधीच्या ठिकाणी थेट लिव्हर बायोप्सी (यकृताचा छोटा तुकडा काढून तपासणं) सुचवली होती. त्याऐवजी आधी एन्झाइमची तपासणी करावी का? धाकटी भाची दीड वर्षांची आहे, तिचीही करावी का? याच उणिवेचा सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे वोल्मन, ते नाव वाचल्यापासून झोप उडाली आहे.

प्रतिसाद

दादा, आमच्या मुलीला हाच आजार आहे. वोल्मन तान्हेपणीच उघड होतो: जुलाब, उलट्या, वजन वाढत नाही. सात वर्षांच्या मुलाचा तो प्रकार नव्हे, जरी दोन्हींचं मूळ या एन्झाइमच्या लिपा जनुकातच असलं तरी. एन्झाइम तपासणीचं डॉक्टरांना आधी विचाराच. फिल्टर पेपरवर वाळवलेले रक्ताचे ठिपके पाठवतात. कमी आलं की लिपाची जनुकीय तपासणी. आमची बायोप्सी त्यामुळे टळली.

मुलाला आजार ठरला तर सहसा आईवडील दोघेही वाहक असतात (स्वतः आजारी नसतात, पण सदोष जनुक असतं), दर अपत्याला आजाराची २५ टक्के शक्यता. म्हणून मग धाकटीचीही करा. स्टॅटिनने एलडीएल उतरतं, पण एन्झाइमची उणीव भरत नाही. ती भरणारं औषध सेबेलिपेज अल्फा, २०१५ मध्ये अमेरिका आणि युरोपात मान्य झालं. शिरेतून देतात, बहुतेकांना दर पंधरवड्याला, आणि फार महाग आहे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात दुर्मिळ आजारांचं केंद्र आहे, केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणाखाली मदत मिळेल का ते तिथेच विचारा. जुने सगळे रिपोर्ट घेऊन जा. आणि ताईंना माझा नंबर द्या, मी बोलते त्यांच्याशी.